स्थळ : बुलढाणा, लोकेशन : एनीव्हेअर!

'दादा, रेझ्युमे पाठवला आहे. तुमच्या कंपनीत कुठं लागत असेल तर बघा ना...'

असा मेसेज तुम्हाला कधीच आला नसेल, तर तुम्ही एक तर पुण्या-मुंबईतच जन्मला आहात किंवा गावाकडे कोणाला नंबर दिलेला नाही! हिंजवडी, खराडी, ऐरोली, कुठेही बसणाऱ्या मूळच्या वैदर्भीय मित्राला विचारा. रिझल्ट लागले की मावसभाऊ, शेजारच्या काकूंची मुलगी, बाबांच्या मित्राचा मुलगा अशी रांगच लागते. आपण जोशात 'देतो एचआरला' म्हणतो, फाइल उघडतो आणि मग जाम टेन्शन येतं. हे पुढे कसं पाठवायचं, बॉस?

मी ओळखीपाळखीतून असे तीसेक रेझ्युमे जमवले. सगळे बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलामुलींचे. मग चार दिवस तिकडे जाऊन खामगाव, चिखली आणि बुलढाण्याच्या ऑनलाइन सेंटरांत ठाण मांडलं. 'ऑनलाइन सेंटर' म्हणजे पूर्वीचा सायबर कॅफे. सर्फिंग आता मोबाइलवर गेलंय. सेंटरात उरलेत ते फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड आणि अर्थातच रेझ्युमे.

रेझ्युमे बनवायला फार वेळ लागत नाही. सेंटरवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या कोणाची तरी फाइल पडलेली असते. नाव बदललं, टक्के बदलले, प्रिंट! त्यामुळे चिखलीचा सिव्हिल इंजिनीअर आणि मोताळ्याची बीए झालेली मुलगी, दोघांचंही करिअर ऑब्जेक्टिव्ह शब्दशः एकच. दोघंही 'हार्ड वर्कर', दोघांनाही 'पॉझिटिव्ह थिंकिंग' आणि दोघांचाही छंद गाणी ऐकणं. खाली वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व. त्याखाली टक्केवारीचा तक्ता, एमएस-सीआयटी, टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०. आणि सगळ्यात शेवटी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे', स्थळ, दिनांक, सही.

फॉर्म भरायची सवय

हसू येतं खरं, पण त्या सेंटरमध्ये दोन तास बसलात की यामागचं लॉजिक कळतं. तिथे येणारी दहातली नऊ मुलं रेझ्युमेसाठी आलेलीच नसतात. ती येतात फॉर्म भरायला. पोलीस, तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद, रेल्वे, बँक. २०२३च्या तलाठी भरतीचंच बघा. जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले १० लाखांहून जास्त. खुल्या प्रवर्गासाठी फी १००० रुपये, आरक्षित प्रवर्गासाठी ९००. जिथे मोठे कारखाने फारसे नाहीत आणि कापूस-सोयाबीनचा भाव घरातली प्रत्येक गोष्ट ठरवतो, तिथे नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. ती मिळवायचा रस्ताही एकच, फॉर्म.

आता फॉर्म तुम्हाला काय विचारतो? तुम्ही कोण? कोणाचे? कुठले? किती टक्के? काय येतं आणि आजवर काय केलंत, हे कोणी विचारतच नाही. पूर्वीची एम्प्लॉयमेंटची पद्धतही तीच. जिल्ह्याच्या कचेरीत नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं, मुदत संपली की रिन्यू करायचं आणि कॉल येण्याची वाट बघायची. ती नोंदणी आता राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर होते, पण वाट बघायची सवय गेलेली नाही. दुसरा परिचयाचा कागद कोणता, तर लग्नाचा बायोडाटा. तोही हेच विचारतो, फक्त मामाचं कूळ आणि उंची जास्तीची!

म्हणजे ज्याला आपण 'काय हा गावठी रेझ्युमे' म्हणतो, तो खरं तर व्यवस्थित भरलेला फॉर्म असतो. आजवर जे विचारलं गेलं त्याचं उत्तर त्या पोराने बरोबर दिलेलं असतं. प्रायव्हेट कंपनी भलतंच काही विचारतेय, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

शेगावच्या संत गजानन महाराज इंजिनीअरिंग कॉलेजसारख्या ठिकाणी चित्र थोडं वेगळं आहे. हे कॉलेज १९८३ पासूनचं. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या निमित्ताने सीनिअर्सचे रेझ्युमे ज्युनिअर्सकडे उतरतात. साध्या बीकॉम, बीएस्सीवाल्यांना मात्र सीनिअर म्हणजे सेंटरवालाच.

पलीकडे कोण बसलंय?

आपल्याकडचं ऑनलाइन नोकरी शोधणं सुरू झालं १९९७ मध्ये, नोकरी डॉट कॉमपासून. संजीव बिखचंदानी त्याआधी नोकरीत असताना त्यांनी एक गंमत पाहिली होती. ऑफिसात बिझनेस मॅगझिन आलं की सहकारी ते मागून उघडायचे, कारण जॉबच्या जाहिराती शेवटच्या पानांवर! नोकरी असलेला माणूसही सतत नोकरी बघत असतो, ही त्या साइटमागची मेख. पुढे टाइम्सजॉब्ज आलं, लिंक्डइन आलं, २०१५ मध्ये केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आलं. सगळीकडे नाव नोंदवायला उमेदवाराला पैसे पडत नाहीत.

पण बुलढाण्याच्या मुलांचा समज असा, की प्रोफाइल टाकलं की झालं, एम्प्लॉयमेंटच्या कार्डासारखं. इथेच घोळ होतो. पुण्यातल्या एका स्टाफिंग कंपनीत काम करणाऱ्या मैत्रिणीने मला तिचा स्क्रीन दाखवला. ती रेझ्युमे वाचत नाही, ती शोधते! चौकटीत शब्द टाकते, 'टॅली', 'जीएसटी', 'अकाउंट्स'. मग अनुभव, सध्याचं शहर, अपेक्षित पगार, आणि उमेदवार शेवटचा कधी अॅक्टिव्ह होता. एंटर मारला की शेकडो नावं. त्यातली पहिली दोन-तीन पानं ती बघते, बस्स.

आता ज्याने 'कॉम्प्युटर नॉलेज : एमएस-सीआयटी' एवढंच लिहिलंय, तो या जाळ्यात सापडणार कसा? एमएस-सीआयटीत त्याने एक्सेल शिकलेलं असतं, पण 'एक्सेल' हा शब्दच कुठे नसतो. टक्केवारीचा तो देखणा तक्ता, रंगीत चौकटी, फोटो, यांत कित्येकदा सॉफ्टवेअर गोंधळतं आणि मजकूर तुकड्या-तुकड्यांत वाचतं. आणि ज्याने दोन वर्षांपूर्वी प्रोफाइल टाकून वाट बघितली, तो गाळणीतच अडकतो. महिन्या-पंधरा दिवसांनी लॉगिन करून एखादी ओळ बदलली तरी माणूस 'ताजा' दिसतो. हा साधा फंडा खामगावात मी ज्यांना सांगितला, त्यातल्या कोणालाच माहीत नव्हता.

गाळणीतून सुटलात तर मग माणसाचे डोळे. अमेरिकेतल्या द लॅडर्स या जॉब साइटने रिक्रूटर्सची नजर मोजून पाहिली. २०१२ मध्ये पहिल्या नजरेला एका रेझ्युमेच्या वाट्याला साधारण ६ सेकंद आले, २०१८ मध्ये ७.४. त्यातले तीन सेकंद वडिलांचं नाव आणि राष्ट्रीयत्व वाचण्यात घालवायचे का? एक पान पुरे, फार तर दोन. चार पानी रेझ्युमेचा हक्क विदर्भात एकाच माणसाला होता. डॉ. श्रीकांत जिचकार. डॉक्टरकीपासून कायद्यापर्यंत वीसच्या आसपास पदव्या! त्यांना कोणी काही बोलू शकत नव्हतं.

लोकेशनची भानगड

माझ्याकडच्या रेझ्युमेंमध्ये एक गोष्ट मात्र सेंटरवाल्याची नव्हती, ती मुलांची स्वतःची होती. पत्ता. कायमचा पत्ता मेहकर किंवा देऊळगावराजा, आणि 'सध्याचं शहर' पुणे! कोणाच्या तरी रूमचा पत्ता, कधी नुसतंच 'वाकड'. मला आधी ही लबाडी वाटली. मैत्रिणीचा स्क्रीन पाहिल्यावर नाही वाटली. तिने शहराच्या चौकटीत 'पुणे' टाकलं की बुलढाणावाला गायब. इंटरनेटमुळे जग जवळ आलं म्हणतात, पण त्या चौकटीत अंतर जसंच्या तसं आहे.

तरीही खोटं लिहू नये असंच माझं मत. फोन येतो, 'उद्या अकराला या', आणि मग फजिती होते. सध्याचं शहर खरं लिहा आणि 'पसंतीचं शहर' या रकान्यात पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर टाका. रेझ्युमेत नावाखाली सरळ एक ओळ द्या, 'पुण्यात १५ दिवसांत रुजू होऊ शकते'. रिक्रूटरला शहरापेक्षा तारीख महत्त्वाची असते.

आणि पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर घ्या, असं विचारायला लाजू नका. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. स्टेशन गाठायचं तर मलकापूरला जावं लागतं, नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स. १० मिनिटांच्या इंटरव्ह्यूसाठी दोन रात्री प्रवास. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली अशीच एक ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्यात शिक्षणा-नोकरीसाठी पुण्याला निघालेली तरुण मुलंमुलीही होती. 'फेस टु फेसच हवं' म्हणणाऱ्या एचआरला हा प्रवास ठाऊक नसतो. तुम्ही त्या कंपनीत आत बसला असाल, तर गावाकडच्या भावंडासाठी रेझ्युमे पुढे ढकलण्यापेक्षा एवढी एक विनंती करा. तुमच्या शब्दाला तेवढं वजन नक्कीच असतं.

पैसे मागितले? फोन ठेवा!

प्रोफाइल ऑनलाइन टाकलं की खऱ्या कंपनीच्या आधी खोट्या कंपनीचा फोन येतो. 'एअरपोर्टवर जागा आहे, रजिस्ट्रेशनचे १५०० भरा.' मग युनिफॉर्मचे, मग मेडिकलचे. लेटरहेडवर लोगो झकास, सही-शिक्का, सगळं. ज्या मुलांनी परीक्षेच्या अर्जासाठी दर वेळी हजार रुपये भरले आहेत, त्यांना नोकरीसाठी आधी पैसे भरणं विचित्र वाटतच नाही! सरकारी परीक्षेला फी असते, प्रायव्हेट नोकरीला नसते, हा फरक गावाकडे सांगायला हवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

'दुकान तं घरचंच हाय'

आता नांदुऱ्याच्या मुलीची गोष्ट. नांदुरा म्हणजे घाटाखालचा भाग, १०५ फुटी हनुमानाचं गाव. ही बीकॉम झालेली, दोन वर्षं 'घरी'. खामगावच्या सेंटरमध्ये भेटली. रेझ्युमेत अनुभवाच्या रकान्यात मोठ्ठा 'फ्रेशर'. दिवसभर काय करतेस विचारलं, तर म्हणाली, "काही नाही ताई, बाबाच्या कृषी केंद्रात बसतो." मी म्हटलं, मग ते लिही ना! तर म्हणते, "कायले लिहाचं? दुकान तं घरचंच हाय."

मी वही काढली. खतविक्रीची पॉस मशीन कोण चालवतं? तीच. शेतकऱ्याचा आधार, अंगठा, पावती, आणि मशीनमधला युरियाचा साठा गोदामातल्या पोत्यांशी जुळवणं. उधारीच्या वह्या टॅलीवर कोणी आणल्या? तिने. जीएसटीची बिलं महिन्याच्या महिन्याला सीएकडे कोण पाठवतं? तीच. जूनमध्ये पाऊस पडला की एका दिवसात दुकानात उसळणारी गर्दी, 'बियाणं उगवलं नाही' म्हणून भांडायला आलेला माणूस, कंपनीच्या प्रतिनिधीशी फोनवर हुज्जत... सगळं हीच सांभाळते. आपल्या शहरी भाषेत याला इन्व्हेंटरी, अकाउंट्स रिसीव्हेबल आणि कस्टमर हँडलिंग म्हणतात आणि त्यावर लोक पगारवाढ मागतात!

दीड तास बसलो. 'फ्रेशर' काढलं. 'दुकान सहायक, कृषी केंद्र, दोन वर्षं' असं लिहिलं, 'कौटुंबिक व्यवसाय' हेही स्पष्ट लिहिलं. खाली टॅली, जीएसटी, एक्सेल, खतसाठा, पॉस, हे शब्द साध्या वाक्यांत आले. ऑब्जेक्टिव्ह उडवलं, छंद उडवले. एक गोष्ट सांगायची राहिली. घरच्यांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिलेली होती. त्यानंतर दुसरा बायोडाटा बाहेर पडणार होता. तो तयारही होता, त्याच सेंटरवाल्याकडे, फोटोसकट.

दोन आठवड्यांत तिला तीन फोन आले. दोन पुण्याचे, आणि एक चक्क अकोल्याचा, बियाण्यांच्या एका वितरकाचा. नांदुरा-अकोला रेल्वेने रोज अप-डाऊन करणारे आहेतच. पगार पुण्यापेक्षा कमी, पण रूमचं भाडं नाही. तिची आई अकोल्याच्या बाजूने, ती स्वतः पुण्याच्या. हे लिहीपर्यंत काही ठरलेलं नाही.

वडिलांनी मात्र नव्या रेझ्युमेत एक गोष्ट काढू दिली नाही. शेवटची प्रतिज्ञा आणि सही. मी फोनवर बरंच समजावलं, की आजकाल कोणी बघत नाही, जागा जाते. ते म्हणाले, "मॅडम, सही नसलेला कागद कोन खरा मानन?" ती ओळ अजून तिथेच आहे. स्थळ : नांदुरा.