ओळी मोजून गुण कळत नाही

चंदनसारहून विरार स्थानक गाठून अंधेरी वा ऐरोलीच्या संगणक-कंपन्यांत जाणाऱ्या तरुणांचे काम मोजावे तरी कशाने? फार काळ उत्तर सोपे मानले गेले : किती ओळी लिहिल्या ते पाहा. टिपणीच्या पानांवरून कारकुनाची योग्यता ठरविण्यासारखाच हा प्रकार. दोनशे ओळींचा गुंता जो चाळीस ओळींत सोडवितो, तो या हिशेबात आळशी ठरतो!

१९७६ साली टॉमस मॅकेब यांनी निराळे माप सुचविले. आज्ञावलीतील ‘जर-तर’ मोजावेत, त्यांत एक मिळवावा. आकडा दहापुढे गेल्यास तिचे भाग पाडावेत. वाटा जितक्या अधिक, तितकी तपासणी अवघड, म्हणून हे माप उपयुक्त खरेच. पण तोच दंडक बढतीशी जोडला की एका भागाचे पाच तुकडे होतात, आकडा सुधारतो आणि गुंता तसाच राहतो.

त्याच वर्षी आय.बी.एम.चे मायकेल फेगन यांनी सहकाऱ्यांनी मिळून आज्ञावली बारकाईने वाचण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. पुण्यात टाटांनी १९८१ मध्ये स्थापलेल्या संशोधन केंद्राने आज्ञावली न चालविताच तिच्यातील दोष हुडकणारी साधने घडविली. साधन थकत नाही. परंतु ग्राहकाचा मूळ नियमच चुकीचा समजला असेल, तर ते सहसा सहकाऱ्याच्याच ध्यानी येते. या वाचनाला हजेरीच्या तक्त्यात मात्र बहुधा रकाना नसतो. व्यवस्थापकांनी आठवड्याचे तीन तास तरी त्यासाठी राखावेत, आणि ते वाचणाऱ्याच्या नावे जमा करावेत.