कुंडल ते बळीराजा धरण : भाकरीच्या लढ्याचा मागोवा

7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगार घेऊन जाणारी आगगाडी अडवली गेली. सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावात ही गोष्ट आजही छाती फुगवून सांगितली जाते. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड यांच्या तुफान सेनेचं, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचं, ते काम. सांगताना एक भाग मात्र बहुधा मागे राहतो. त्या पैशाचं पुढं काय झालं? लोकांकडून गेलेला पैसा आम्ही लोकांकडेच परत आणला, तो प्रतिसरकारच्या कामाला आणि गोरगरिबांना गेला, असं कॅप्टन भाऊ नव्वदी ओलांडल्यावरही ठासून सांगत. प्रतिसरकारच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग.

दिवस युद्धाचे होते. धान्य महाग, तेही मिळेना. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. इकडे जुन्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली 1943 ते 1946 या काळात शेकडो गावांनी इंग्रज सरकारला बाजूला सारून आपला कारभार चालवला. तेच प्रतिसरकार. धान्याचा पुरवठा आणि वाटप, बाजाराची घडी, लोकन्यायालयं, सावकारांना दंड. हे ठरवणारे कुणी दूरचे तज्ज्ञ नव्हते. नाना स्वतः तलाठ्याची नोकरी सोडून आलेले. गरिबाची जमीन कागदावरून कशी निसटते, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. म्हणून सावकारीला हात घालताना लग्नाच्या खर्चालाही हात घातला गेला. लग्नापायी काढलेलं कर्ज घराला वर्षानुवर्षं अर्धपोटी ठेवतं, हे ज्याच्या घरात घडलंय त्याला सांगावं लागत नाही. साधी, कमी खर्चाची गांधी-लग्नं लागू लागली. कुंडल औंध संस्थानात होतं, 1939 पासून तिथं गावपंचायतींना खरा अधिकार मिळालेला, आणि इंग्रज पोलिसांना तिथं मोकळं रान नव्हतं. भूमिगतांना आसरा मिळाला तो असा. त्यांच्यासाठी रानात भाकऱ्या पोचवल्या त्या बायकांनी, स्वतःच्या डब्यातलं पीठ बघून.

एक उणीव मात्र नोंदवलीच पाहिजे. पुढारपण बहुतेक शेतकरी घरांतल्या पुरुषांकडे राहिलं. भाकरी पोचवणारी बाई आणि ज्याला गुंठाभरही रान नाही असा मजूर, हे निर्णयाच्या जागी क्वचितच दिसतात.

1972 च्या दुष्काळात हाच मजूर रस्त्यावर खडी फोडायला बसला. मिलो ज्वारी आणि सुकडीवर ते दिवस निघाले. मे 1973 मध्ये राज्यभर सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. 'मागेल त्याला काम' ही वि. स. पागे यांची कल्पना. तिचा पहिला प्रयोग याच भागातल्या तासगाव तालुक्यात झाला आणि पुढं 1977 साली तिचा कायदा झाला. काम हक्कानं मिळू लागलं, ही फार मोठी गोष्ट होती. काम कोणतं, हे मात्र मजुराला कुणी विचारलं नाही.

तो प्रश्न खानापूर तालुक्यातल्या मजुरांनी स्वतःच काढला. 1982 चा गिरणी संप फसल्यावर मुंबईहून गावी परतलेले कामगार ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात रोजगार हमीवर आले, आणि डॉ. भारत पाटणकरांच्या साथीनं मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. आयुष्यभर खडीच फोडायची का, दुष्काळ हटेल असं काम का नको, हा त्यांचा सवाल. विहिरी का आटल्या याचा शोध गावकऱ्यांनीच घेतला. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. वाळू गेली की पात्रातलं पाणी टिकत नाही, विहिरींचे झरे तुटतात. मग लोकांनी ठेकेदार अडवले. थोडी वाळू आपण विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं, असं ठरलं. सरकारशी झगडून परवानगी मिळवावी लागली. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी श्रमदान केलं, बाहेरून विद्यार्थी येऊन राबले, आणि बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

मला त्याच्या भिंतीपेक्षा पाणी वाटायचा नियम मोठा वाटतो. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही. भूमिहीनालाही त्यात वाटा. उसासारख्या पाणीखाऊ पिकाला ते द्यायचं नाही. ज्याच्याकडे जमीन नाही तो चर्चेत बसला होता, म्हणूनच हा नियम निघाला, अशी माझी खात्री आहे. प्रतिसरकारात राहिलेली उणीव इथं काही अंशी भरून निघाली. पुढं 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि पाटणकर यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून सांगली, सातारा, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाणीवाटपाची हीच मागणी लावून धरली.

आज कुंडलच्या शिवारात ऊस उभा आहे आणि गावच्या साखर कारखान्याला जी. डी. बापूंचंच नाव आहे. हंगाम आला की या भागात बीडकडून, जतकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तोडीला जायचं, म्हणून भाकऱ्या अंधारातच थापायच्या, पोर कोपीत (झोपडीत) ठेवायचं नाहीतर उसाच्या सरीत निजवायचं. रेशन कार्ड गावाकडे. नियमानं आता कार्ड कुठंही चालतं. पण दुकान उघडतं तेव्हा बाई फडात असते, आणि कार्ड मागं राहिलेल्या सासूजवळ. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशन दुकानावर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समित्यांची तरतूद आहे. हंगामाचे पाच-सहा महिने या समितीत टोळीतल्या दोन बायका बसाव्यात, बैठक संध्याकाळी कोप्यांजवळ व्हावी, दुकानाची वेळ त्यांनी सांगावी. प्रतिसरकारच्या गावाला हे अवघड नाही.