गाडी उभी करून जाताय? मग हे वाचाच!

भाकरी का करपली, पानं का सडली आणि घोडा का अडला? हे कोडं तुम्ही सगळ्यांनी लहानपणी शाळेत ऐकलं असेल. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे मला ते आजीने सांगितलं. उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! या कोड्यात आता चौथी ओळ घालायला हरकत नाही. आमची गाडी का अडली? तर त्याचंही उत्तर तेच.

झालं असं की मे महिन्याच्या शेवटी आई-बाबा सहा महिन्यांसाठी ताईकडे अमेरिकेला गेले, तिच्या बाळंतपणासाठी. साताऱ्याच्या घरी आजी आणि शेजारी काका-काकू. काकांना गाडी चालवता येत नाही. जाताना बाबा म्हणाले, "गाडीचं काय करायचं?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मी मेकॅनिकलला आहे बाबा. मी बघते."

काय बघितलं? जूनअखेरीस एकदा सांगलीहून घरी गेले, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, जोरात रेस केलं आणि बंद केलं. पुढे सबमिशन आलं, ओरल्स आल्या. गणपतीत दोन दिवस घरी होते, पण गाडीवरचं कव्हरसुद्धा उचललं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एके रात्री दोन वाजता आजीला धाप लागली. काकूंनी तिला शाल गुंडाळली, मी किल्ली घेऊन धावले. किल्ली फिरवली तर नुसतं टक् टक् टक्. काका आणि शेजारचे दोघं धक्का मारायला आले, तर गाडी जागची हलेना, मागची चाकं जाम! शेवटी कोणीतरी ओळखीच्या रिक्षावाल्याला उठवून आणलं. त्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. आजी आता ठणठणीत आहे, पण ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही. तीन वर्षं इंजिनची सायकल कागदावर काढणारी मी, दारातली गाडी चालू करू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजचे मिस्त्री घरी आले. बॉनेट उघडून म्हणाले, "ताई, गाडी चालून जेवढी झिजत नाही तेवढी उभी राहून झिजते." त्यांनी दाखवलेलं आणि नंतर मी पुस्तकात ताडून बघितलेलं इथे देते आहे. आपले कितीतरी सर आणि मॅडम सुट्टीत मुलांकडे परदेशी जातात, आपल्या बाईक्स तर हॉस्टेलच्या शेडमध्ये दोन-दोन महिने पडून असतात. सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे.

पहिली बॅटरी. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनचा कॉम्प्युटर हे थोडा थोडा करंट खात असतात. समजा ३० मिलीअँपिअर. म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरली तर ४८ दिवसांत खडखडाट! रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही. आमची बॅटरी अशीच गेली. उपाय दहा मिनिटांचा आहे. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. का? कारण निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं. ते जोडलेलं असताना पॉझिटिव्ह काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. पूर्ण चार्ज बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली आली की चार्ज करून घ्यावी.

आता माझी पाच मिनिटांची हुशारी. महिन्याभरात बॅटरीतून सुमारे २२ अँपिअर-अवर गेले होते. आयडलिंगला बॅटरीला १५ अँपिअर मिळाले असं धरलं, तरी पाच मिनिटांत परत आले सव्वा अँपिअर-अवर. म्हणजे समुद्रातून घागर भरण्याच्या उलट प्रकार! शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक किलो पाणी तयार होतं. (केमिस्ट्रीचं समीकरण मांडून बघा, पटेल.) गाडी चांगली तापली तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, पाणी आत साचतं आणि गंज धरतो. काही पाणी इंजिन ऑइलमध्येही उतरतं. थोडक्यात, नुसती चालू-बंद करण्यापेक्षा हात न लावलेला बरा. कोणी विश्वासाचं असेल तर दर पंधरा दिवसांनी अर्धा तास फिरवून आणायला सांगा. आमच्याकडे आता वाढे फाट्यावरून हायवेने लिंबपर्यंत जाऊन येण्याचा नियम आहे.

दुसरं, हँडब्रेक. इथेच आमची चाकं अडकली होती. हँडब्रेक ओढलेला असला की मागच्या ड्रममध्ये ब्रेक शू दाबून बसतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात दमट हवेने ड्रम गंजतो आणि शू त्याला चिकटून बसतात. म्हणून जास्त दिवस ठेवायची असेल तर सपाट जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. परत आल्यावर मात्र किल्ली फिरवण्याआधी न्यूट्रल करायला विसरू नका, नाहीतर गाडी थेट भिंतीत!

टायर एकाच जागी दबून चपटे होतात. जाताना नेहमीपेक्षा चार-पाच पौंड हवा जास्त भरा (टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत), आल्यावर पुन्हा कमी करा. गाडी उचलून ठेवायचीच असेल तर स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नको.

पेट्रोलबद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. टाकी रिकामी ठेवावी की भरलेली? भरलेली. रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि थंडीत तिचं पाणी होतं. त्यात आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. सातारा-सांगलीकरांना इथेनॉल काय ते सांगायला नको, आपल्याच उसाचं! हे इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं तर दोघं पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. टाकीत हवा कमी तर ओलही कमी. इंजिन ऑइल जुनं असेल तर जाण्याआधी बदला. काळ्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती सहा महिने बेअरिंगला लागून राहते. ब्रेक ऑइलचंही तसंच. डॉट ३ जातीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, ओल शोषल्यावर १४० पर्यंत उतरलेला चालतो. म्हणजे घाटात ब्रेक तापले की धोका कुठे आहे ते कळलं ना?

उंदीर हा स्वतंत्र विषय आहे. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून ते सारखं काहीतरी कुरतडत असतात. आमच्या दोन वायरी गेल्या होत्या आणि एअर फिल्टरजवळ चक्क कापसाचं घरटं होतं! दोष आमचाच, मागच्या सीटवर शेंगदाण्याच्या चिक्कीची पिशवी राहिली होती. गाडीत खाण्याचा कणही ठेवू नका. सायलेन्सरच्या तोंडाला बोळा लावलात तर स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा, म्हणजे काढायची आठवण राहील.

गाडी धुऊन, पूर्ण वाळवून मगच झाका. कव्हर कापडी हवं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली घाम धरतो.

सांगलीकरांसाठी खास सूचना. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. पावसाळ्यात बाहेर जाणार असाल आणि घर नदीकडच्या भागात असेल, तर गाडी विश्रामबाग किंवा मिरजेकडे उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे लावून जा. पाण्यात बुडालेली गाडी परत आल्यावर चालू करायचा मोह टाळा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून गॅरेजला न्या. विमा मध्येच संपत नाही ना तेही बघा. मुदत संपून ९० दिवस उलटले की साठलेला नो क्लेम बोनस जातो.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, बाईक डबल स्टँडवर लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जुनी कार्ब्युरेटरवाली असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा. पंधरा मिनिटांचं काम आहे, मेसच्या रांगेत त्याहून जास्त वेळ जातो.

असो. आई-बाबा नोव्हेंबरच्या शेवटी परत आले. नवी बॅटरी, ब्रेक शू आणि वायरिंगचं बिल मी बाबांसमोर ठेवलं. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. आता दर पंधरा दिवसांनी रविवारी आजीचा फोन येतो. अभ्यास कसा चाललाय हे ती नंतर विचारते. आधी सांगते, "काका आता क्लासला जातात गं, शिकतायत. आज आम्ही दोघं गाडी फिरवून आलो."

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल