विश्लेषण : मेंदूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली तर पहिले काही तास निर्णायक का? यवतमाळच्या रुग्णांपुढे पेच कोणता?

'अंगावरून वारे गेले', 'लकवा मारला' असे ज्या आजाराबद्दल गावाकडे म्हटले जाते, तो बहुतेकदा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असतो. त्यावरील उपचार गेल्या तीन दशकांत कमालीचे बदलले. मात्र हे उपचार वेळेशी बांधलेले आहेत आणि यवतमाळसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात वेळेची गाठ थेट अंतराशी पडते.

मेंदूत नेमके काय बिघडते?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण एकूण प्राणवायूपैकी जवळपास २० टक्के एकटा मेंदू वापरतो. त्याच्याकडे साठा नसतो, त्यामुळे रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. गुठळीमुळे रक्तवाहिनी तुंबणे हा पहिला आणि अधिक आढळणारा. रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्त साचणे हा दुसरा. बाहेरून दोन्हींची लक्षणे सारखी दिसू शकतात, पण उपचार अगदी उलट. पहिल्यात गुठळी विरघळवायची असते, तर दुसऱ्यात तेच औषध जीवघेणे ठरू शकते. म्हणूनच सीटी स्कॅनशिवाय उपचार सुरू करता येत नाहीत.

साडेचार तासांची मर्यादा कशी ठरली?

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून ३ तासांत दिल्यास अपंगत्व कमी होते, हे अमेरिकेतील चाचणीने १९९५ मध्ये दाखवले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. पुढचा टप्पा २०१५ मध्ये आला. मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी बाहेर ओढून काढण्याची पद्धत, म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमी, मोठी रक्तवाहिनी तुंबलेल्या रुग्णांत प्रभावी असल्याचे त्या वर्षी सिद्ध झाले. २०१८ मधील चाचण्यांनंतर निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येऊ लागली. रुग्ण झोपेतून उठतानाच लक्षणे दिसली, तर वेळ मोजायची ती तो शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून.

न्यूरोसर्जनची गरज कधी?

गुठळीवरचे इंजेक्शन न्यूरोलॉजिस्ट किंवा प्रशिक्षित फिजिशियन देऊ शकतात. न्यूरोसर्जनचे काम प्रामुख्याने रक्तवाहिनी फुटते तेव्हा सुरू होते. धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कमकुवत होऊन फुग्यासारखी फुगते. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत असा फुगा असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर त्रास देत नाही. तो फुटला तर मात्र 'आयुष्यात कधी झाली नाही' अशी डोकेदुखी क्षणात उठते, उलट्या होतात, मान आखडते, शुद्ध हरपते. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असल्याने फुगा लवकर बंद करणे गरजेचे असते.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. कवटी उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली फुग्याच्या मानेवर धातूची क्लिप बसवणे हा जुना मार्ग. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये क्लिप बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाविना केली. दुसरा मार्ग नळीद्वारे फुग्यात प्लॅटिनमच्या बारीक तारांची वेटोळी भरण्याचा, म्हणजे कॉइलिंगचा. कोणता मार्ग योग्य, हे फुग्याची जागा, आकार आणि रुग्णाची स्थिती पाहून ठरते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी धोका संपत नाही. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तवाहिन्या आकसून नवा झटका येऊ शकतो. त्यामुळे 'ऑपरेशन झाले, आता घरी नेतो' असा आग्रह घातक ठरतो.

मोठ्या पक्षाघातात मेंदूला सूज येते, तेव्हा कवटीचा भाग तात्पुरता काढून दाब कमी करणे, साचलेले रक्त काढणे, जन्मजात रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर उपचार करणे हीदेखील याच शाखेची कामे आहेत.

यवतमाळमध्ये अडचण कुठे?

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. यवतमाळ शहरात १९८९ पासून वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णांना सहसा नागपूर किंवा वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) गाठावे लागते. यवतमाळ ते नागपूर अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, तर उमरखेडहून तेच सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणजे साडेचार तास प्रवासातच संपू शकतात. जिल्ह्याच्या टोकांवरील लोकांची वाट म्हणूनच वेगळी असते. उमरखेड, महागावला नांदेड जवळचे, तर वणी, मारेगावला चंद्रपूर.

त्यातच पहिले तास अनेकदा घरीच वाया जातात. तेलाने मालिश, झाडपाल्याचे औषध, 'सकाळपर्यंत उतरेल' अशी आशा, मग गावातला डॉक्टर, मग तालुक्याचे रुग्णालय. प्रत्येक थांब्यावर तास जातो.

गडचिरोलीतील अभ्यास काय सांगतो?

'पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार' हा समज विदर्भातच खोटा ठरला. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेने ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील मृत्यूंची नोंद तपासली. सुमारे १,६०० मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर होता आणि यातील बहुतेकांनी घरीच प्राण सोडले. गडचिरोलीचे आकडे यवतमाळला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण शेती आणि दूरची रुग्णालये ही परिस्थिती दोन्हीकडे आहे.

घरच्यांनी काय करावे, काय टाळावे?

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यातील एकही लक्षण दिसताच १०८ वर फोन करावा. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. रुग्णाला पाणी, चहा किंवा गोळी देऊ नये, कारण गिळता येत नसल्यास ते श्वासनलिकेत जाते. स्कॅनपूर्वी ॲस्पिरिन किंवा स्वतःच्या मनाने रक्तदाबाची गोळी देणे टाळावे. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर ठेवावे. सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी वेळ न घालवता, ते जवळ जिथे आहे तिथे आधी कळवून निघावे. लक्षणे काही मिनिटांत आपोआप गेली, तरी तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

खर्च आणि पुढचा मार्ग

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत न्यूरोसर्जरीतील अनेक उपचार समाविष्ट आहेत. रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होताना तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. प्रत्येक तालुक्यात न्यूरोसर्जन बसवणे शक्य नाही. पण जवळच्या रुग्णालयात स्कॅन, दूरच्या तज्ज्ञाकडून मोबाइलवर त्याचे वाचन, तिथेच इंजेक्शन आणि मग गरजेनुसार पुढे पाठवणी हे शक्य आहे. हिमाचल प्रदेशासारख्या डोंगराळ राज्याने ही पद्धत जिल्हा रुग्णालयांत राबवली आहे.

सर्वांत स्वस्त उपचार मात्र गावातच आहे. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजता येतो. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी मध्येच सोडणे, तंबाखू आणि खर्रा चालूच ठेवणे, मधुमेहाकडे काणाडोळा करणे यातूनच पुढे नागपूरची धावपळ ओढवते.