तीन ग्रॅम कापूस

वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) आणि त्याच्या आसपासच्या गावांत कापूस म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. वेचणी सुरू झाली की घरोघरी त्याचे ढीग लागतात. हा कापूस सुताला, गादीला आणि देवापुढच्या वातीला लागतो, हे आपणास ठाऊक आहे. बंदुकीच्या गोळीला ढकलणारी दारूही त्याच्यापासून बनते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

१८४६ साली बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन याने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून 'गनकॉटन', म्हणजे स्फोटक कापूस, तयार केला. दिसायला तो साध्या कापसासारखाच, हाताला थोडा खरबरीत. पण ठिणगी लागताच जवळजवळ धूर न करता निमिषात नाहीसा होतो. (हा प्रयोग घरी किंवा शाळेत कोणीही करावयाचा नाही. कारखान्यांतही त्याने पुष्कळ बळी घेतले आहेत.)

आता एक गंमत पाहा. एक किलोग्रॅम साधा कापूस हवेत पूर्ण जळाला तर सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता मिळते. तेवढ्याच वजनाचा स्फोटक कापूस देतो सुमारे १०००, म्हणजे एक चतुर्थांश! मग बंदुकीत साधा कापूस का भरत नाहीत?

उत्तर ऑक्सिजनमध्ये आहे. साध्या कापसाला तो हवेतून घ्यावा लागतो. ढिगाच्या आतल्या तंतूंपर्यंत हवा पोचत नाही, म्हणून गंजीला लागलेली आग तासन्‌तास धुमसत राहते. माणसे धावतात, पाणी मारतात, निम्मा माल वाचवतात. स्फोटक कापसाच्या रेणूतच ऑक्सिजन बसविलेला असतो. त्याला हवेची वाट पाहावी लागत नाही.

थोडे गणित करू. रायफलच्या एका काडतुसात अशी दारू साधारण तीन ग्रॅम असते. तिची उष्णता सुमारे तीन किलोकॅलरी, म्हणजे साडेबारा हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेने चहाच्या कपातले १०० ग्रॅम पाणी फक्त ३० अंशांनी तापेल. चहा काही होणार नाही. यातील सुमारे चौथा हिस्सा गोळीला मिळतो. दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली, तर ½mv² या सूत्राने तिची गतिज ऊर्जा ३२०० ज्यूल येते. नळीतून बाहेर पडायला तिला सेकंदाचा हजारावा भाग लागतो असे धरा. शक्ती झाली बत्तीस लाख वॅट! विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे साडेआठशे पंप एकदम चालावेत तेवढी, अर्थात त्या एका क्षणापुरती. ऊर्जा आणि शक्ती यांतील फरक मला वर्गात शिकवायचा असतो तेव्हा याहून चांगले उदाहरण सापडत नाही. हत्यारात ऊर्जा फार नसते. वेळ फार थोडा असतो.

हे ध्यानात ठेवून दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. टंचाईमुळे हिंसा होते, असे आपण सर्रास म्हणतो. कापसाचाच इतिहास काय सांगतो?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्या ओस पडल्या आणि आपल्याकडचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले. त्यात दख्खनमध्ये सरकारने सारा वाढवला. पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकरी कर्जात बुडाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे त्यांनी सावकारांवर चाल केली. पण त्यांना हवे होते काय? कर्जरोखे! ते हिसकावून जाळले गेले. कागद निमूटपणे मिळाले तेथे मारहाण सहसा झाली नाही. ही बंदुकांची लढाई नव्हती. ती धुमसणारी आग होती, म्हणून विचाराला अवधी मिळाला. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

याउलट १९१५ साली टंचाई मुद्दाम घडवली गेली. जर्मनीला दारूसाठी कापूस मिळू नये म्हणून ब्रिटनने तो निषिद्ध माल ठरवला. जर्मनांनी लाकडाच्या लगद्यापासून तीच दारू केली, आणि युद्ध आणखी तीन वर्षे चालले.

आता तळेगाव ज्या तालुक्यात आहे, त्या आष्टीकडे या. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. पुढाऱ्यांच्या अटकेने पेटलेला जमाव पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यासाठी गेला. कारण स्वातंत्र्याचे होते, धान्याच्या किंवा पाण्याच्या टंचाईचे नव्हते. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे पडली, आणि खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. सुप्याचा राग काही लहान नव्हता. पण येथे गोळी सुटली, आणि तिने कोणालाच अवधी दिला नाही.

ही उपमा फार ताणू नये. कापूस विचार करीत नाही, माणूस करतो. आणि बंदूक नसली तरी माणसे मारली जातातच. तरीही टंचाई आणि हिंसा यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते, आणि त्या जागेत काय ठेवायचे हे आपल्या हाती असते, असे मला वाटते.

१९७२ चा दुष्काळ याची साक्ष देतो. महाराष्ट्रात पिके बुडाली, विहिरी आटल्या. टंचाईच हिंसेचे कारण असती, तर त्या वर्षी राज्यभर रक्त सांडले असते. प्रत्यक्षात काय झाले? सरकारने जागोजागी कामे काढली. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, तो या अनुभवाच्या पाठबळावर. त्या काळी खडी फोडून केलेले रस्ते आणि खणलेले पाझर तलाव कितीतरी गावांत आजही वापरात आहेत.