गिअरबॉक्सचे ऑइल गळते. दोष फक्त सीलचा का?

लातूरहून तूरडाळ, सोयाबीन भरून अहमदपूर, लोहा मार्गे नांदेडला जाणाऱ्या गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. गिअरबॉक्सचे ऑइल गळत होते, सील बदलले, महिनाभराने गळती पुन्हा सुरू. मालक म्हणतो मिस्त्रीने काम नीट केले नाही. मिस्त्री म्हणतो सील डुप्लिकेट निघाले. यात पैसा जातोच, पण वर्षानुवर्षांचा विश्वासही तुटतो. म्हणून या विषयावर चार गोष्टी लिहिणे आम्हाला गरजेचे वाटले.

पहिली गोष्ट म्हणजे जिथे थेंब पडतो तिथेच गळती असेल असे नाही. धावत्या गाडीत वाऱ्याने ऑइल मागे पसरते आणि सर्वांत खालच्या टोकाला जमा होते. त्यामुळे गिअरबॉक्स आधी डिझेलने धुवावा, फडक्याने कोरडा करावा आणि वीस-तीस किलोमीटर गाडी चालवून खालून बॅटरीच्या उजेडात पाहावे. ओली रेघ जिथून सुरू होते, तेच मूळ.

दुसरी गोष्ट, ऑइल कोणते ते ओळखावे. क्लच हाउसिंगमधून थेंब पडत असेल तर ते इंजिनचेही असू शकते. इंजिनचे वापरलेले ऑइल काळे असते, गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हे न पाहता गिअरबॉक्स उतरवला तर मजुरी वाया जाते. दोन्हींपैकी कोणतेही ऑइल क्लच प्लेटवर गेले की क्लच घसरू लागतो, म्हणून ही गळती अंगावर काढू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. गिअरबॉक्सवर हवा जाण्यासाठी ब्रीदर असतो. गाडी तापली की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. आपल्या भागातील काळ्या मातीचा चिखल सुकून तो बंद झाला, तर तो दाब ऑइलला सीलच्या ओठातून बाहेर ढकलतो. मग सील कितीही अस्सल असो, ते गळणारच. लातूरच्या एका व्यापाऱ्याने एका वर्षात तीन सील बदलली. शेवटी एका जुन्या उस्तादांनी ब्रीदर काढून पेट्रोलने धुतला आणि गळती थांबली. काम दहा मिनिटांचे होते. ऑइल जास्त भरले तरी गळती होते. गाडी सपाट जागी उभी करून लेव्हल प्लग उघडावा. बहुतेक गाड्यांत भोकाच्या काठापर्यंत ऑइल पुरेसे असते.

चौथी गोष्ट मागच्या सीलची. जुने सील काढल्यावर फ्लँजवर, सीलचा ओठ घासतो त्या जागी, नख फिरवून पाहावे. नख खाचेत अडकले तर नवे सीलही टिकणार नाही. तिथे स्लीव्ह बसवावी किंवा फ्लँज बदलावा. फ्लँज धरून वरखाली हलवून पाहावा. खेळ जास्त असेल तर आधी बेअरिंगचे काम करावे, कारण हलता शाफ्ट सील खातो. नवे सील बसवताना ओठाला ऑइल लावावे आणि ते तिरके ठोकू नये. ड्रेन प्लगचा वॉशर आणि हाउसिंगचे बोल्टही तपासावेत.

दुरुस्ती होईपर्यंत मालकांनी दर आठवड्याला लेव्हल पाहावी. गिअरबॉक्स ऑइल जाळत नाही. लेव्हल उतरली तर ते कुठेतरी गळतेच आहे. ऑइल संपून बेअरिंग आणि गिअर गेले, तर सीलच्या कितीतरी पट खर्च येतो आणि माल रस्त्यात अडकतो तो वेगळाच.

कारागीर बांधवांना आमची विनंती आहे की काढलेले सील आणि खाच पडलेला फ्लँज मालकाला दाखवावा, आणि बिलावर दोष काय सापडला ते लिहावे. व्यापाऱ्यांनीही तपासणीला एक दिवस द्यावा. घाईने बसवलेले सील दोघांनाही महाग पडते.