कच्च्या मातीची देवी

भाद्रपद पौर्णिमेला अकोला-अमरावतीकडच्या घरांत भुलाबाई येते. ज्वारीच्या धांड्यांचं मखर, शेजारी भुलोजी, मांडीवर बाळ गणपती. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, बंद डबा वाजवून खिरापत ओळखायला लावतात. मूर्तीच्या मातीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

वऱ्हाडची काळी माती कपाशीला मानवते, मूर्तीला नाही. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांत पाणी शिरलं की माती फुगते, ते उडालं की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच खोडीमुळे. अशा मातीची बाहुली सावलीत सुकतानाच तडकायची. म्हणून माती पारखून घ्यावी लागते, नाहीतर वाळू, राख, लीद मिसळून तिची खोड मोडावी लागते. पुढचं संकट भट्टीत. जाड मूर्तीत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि मूर्ती फुटते. मोठ्या मूर्ती पोकळ करतात त्या यासाठी. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला खनिजाच्या रचनेत बांधलेलं पाणीही सुटतं. त्यानंतर तिचा पुन्हा चिखल होत नाही. कच्ची मूर्ती मात्र बादलीभर पाण्यात विरघळते.

इनामगावच्या देवीचं नवल वाटतं ते याचमुळे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणदार पेटी सापडली. आत डोकं असलेली स्त्रीमूर्ती. झाकणावर बिनडोक्याची दुसरी, आणि एक बैल. बैलाच्या पाठीला आणि बाईच्या पोटाला भोक. काडी घातली की ती बैलावर स्वार! सगळं न भाजलेलं, तरी तीन हजार वर्षं टिकलेलं.

असंच नशीब मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या एल झापोटालला फळलं. तिथे १९७१ मध्ये मृत्युदेव मिक्तलान्तेकुत्ली सापडला, जवळपास माणसाएवढा आणि तोही कच्च्या मातीचा. त्याच ठिकाणी बाळंतपणात दगावून देवत्व पावलेल्या स्त्रियांच्या मोठ्या मूर्ती निघाल्या. त्या भाजलेल्या, पोकळ, म्हणून उचलून नेता आल्या. देवाला हलवलं तर भुगा व्हायचा. तो जागेवरच राहिला, आणि संग्रहालय त्याच्याभोवती उभं केलं.